पहिला नंबर आला, शिष्यवृत्ती नाही

(दृश्य : येरवडा, डेक्कन कॉलेजची दगडी इमारत)

१८८०च्या दशकातलं डेक्कन कॉलेज. वर्गात सगळे मुलगे आणि एकच मुलगी, कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६चा, नाशिकचा, वाढली पुण्यात. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायच्या, त्यामुळे मुलींनी शिकावं की नाही हा वाद त्या घरात नव्हता. कॉलेजात होता. ती येताना दिसली की काही मुलं वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घ्यायची.

पदवी परीक्षेत ती पहिली आली. अशा विद्यार्थ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळे. तिला नाकारली गेली, ती मुलगी म्हणून. पुढे तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. म्हणजे मुलांना शिकवायला बाई चालत होती. सरकारी पैशावर शिकायला नाही.

अखेर इंग्लंडमध्ये मेरी हॉबहाउस यांनी वर्गणी जमवली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. त्या पैशावर १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात पोचली.

(दृश्य : ऑक्सफर्ड, ग्रंथालयातली लांब टेबलं)

कायदा शिकणारी तिथली ती पहिली स्त्री. १८९२ साली मुलग्यांबरोबर परीक्षेला बसायचं, तर त्यासाठी विद्यापीठाला ऐन वेळी खास ठराव करावा लागला. ती पास झाली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नसे.

भारतात परतल्यावर वकिलीची सनद नाही. तरी १९०४ पासून कॉर्नेलियाबाई बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे विधवा आणि अज्ञान वारसांच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या, कायदा सल्लागार झाल्या. काम पडदानशीन विधवांचं. घरची जमीन मोठी, पण परक्या पुरुषासमोर यायचं नाही, मग वकील गाठायचा कसा? कारभारी कागद आत पाठवणार, बाई पडद्याआडून अंगठा उठवणार. कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला कोणी नाही. कॉर्नेलियाबाई पडद्याच्या आत जाऊन बसू शकत होत्या. कोणत्याही बॅरिस्टरला ते जमण्यासारखं नव्हतं.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाई ब्रिटिश राज्याच्या कट्टर समर्थक होत्या आणि गांधीजींच्या विरोधात. आपण त्यांना विसरलो, त्यात या गोष्टीचाही हात असावा.

आज त्याच सॉमरव्हिलमध्ये त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, भारतातून ऑक्सफर्डला कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला जाणाऱ्यांसाठी. विमानाचं तिकीट, फी, राहायचा खर्च, याचं गणित ज्यांनी रात्र रात्र मांडलंय, त्यांना असा आधार म्हणजे काय ते सांगायला नको.

(दृश्य : पदवीदानाचं सभागृह, रिकाम्या खुर्च्या)

ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० साली. कॉर्नेलियाबाईंच्या हाती त्यांची पदवी पडली १९२२ मध्ये. परीक्षा देऊन ३० वर्षं झाली होती आणि बाईंनी पंचावन्नी ओलांडली होती.