पुढे बकेट, मागे पिंप

नमस्कार श्रोतेहो.

बैलगाडी हाकलेल्यांना उलाळ म्हणजे काय हे सांगायला नको. मागे पोती जास्त चढली की जू बैलांच्या मानेवरून वर सुटतं आणि गाडीवान पुढे सरकून बसतो. आज मी तीच गोष्ट सांगणार आहे, फक्त उलट्या तोंडाने. पुढे लोडर, म्हणजे माल उचलणारी बकेट, लावलेल्या मिनी ट्रॅक्टरची.

आमची शेती इंदूरजवळ, सांवेरकडे. तीन वर्षांपूर्वी लोडर बसवला, शेणखत उचलायला. वर्ष चांगलं गेलं. मग जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि शेताच्या वाटेवर मुरूम टाकायला घेतला. बकेट भरली, वर उचलली, वळायला गेलो, तर स्टिअरिंग दगडासारखं जड. तेवढ्यात बाजूला उभा असलेला आमचा पोरगा ओरडला, “भिया, पीछे से उठ रिया है!” मागचं डावं चाक जमीन सोडून हवेत फिरत होतं.

माझं चुकलं ते असं. बकेट तीच होती, माल तो नव्हता. भुसभुशीत शेणखताने भरलेली बकेट आणि ओल्या मुरमाने भरलेली बकेट, वजनात दुपटीचा फरक सहज पडतो. घाबरून मी लिव्हर दाबली आणि बकेट धाडकन खाली सोडली. तेही चूकच. उतरणारं ओझं मध्येच अडलं तर त्याचा धक्का पुढे आणखी जोराने बसतो. ओझं हळूहळू उतरवायचं, लिव्हरही हळूच सोडायची.

यावर गावात एकच सल्ला मिळतो: टायरमध्ये पाणी भर. भरलं. व्हॉल्व्ह वर करून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर सुमारे 75 टक्के भरतो. दोन्ही टायरांत मिळून शंभरेक लिटर मावलं, म्हणजे शंभर किलो. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि मग रिम गंजतात. इंदूरच्या थंडीत ती कटकट नाही. मागची चाकं जमिनीवर बसली, मी खूश. पण दिवाळीपर्यंत पुढच्या चाकाच्या हबचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी चकती, दोनदा गळलं. मिस्त्रीने नवं घातलं, पैसे घेतले, कारण काही सांगितलं नाही.

कारण मी नंतर वहीवर काढलं. श्रोतेहो, कागद-पेन्सिल असेल तर घ्या. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या कण्यांमध्ये, अंतर धरा 150 सेंटिमीटर. बकेटमधलं ओझं 300 किलो, पुढच्या एक्सलच्या 120 सेंटिमीटर पुढे. पुढचा एक्सल हा तराजूचा टेकू. 300 गुणिले 120 भागिले 150, झाले 240. म्हणजे मागच्या चाकांवरचे 240 किलो उचलले जातात आणि तेही पुढेच येऊन पडतात. बकेटमध्ये 300 असले तरी पुढच्या एक्सलवर 540 किलोची भर. वर लोडरचं स्वतःचं वजन आहेच.

आता टायरमधलं पाणी. ते बरोबर मागच्या एक्सलवर बसतं. चाकं जमिनीला धरून ठेवतं, पण पुढच्या एक्सलचा भार एका किलोनेही हलका करत नाही. तो हलका करायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे टांगायला हवं. 240 किलो वजन एक्सलच्या 75 सेंटिमीटर मागे लटकवलं, तर 75 हे 150 च्या निम्मे, म्हणून पुढून 120 किलो उतरतात आणि मागे 360 चढतात. आणि मागचा भार म्हणजे नुसती पकड नव्हे, ब्रेकसुद्धा. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात.

वजन म्हणून मागे रोटाव्हेटर टांगूनही चालतं, पण अरुंद गोठ्यात तो कुठेतरी अडकतो. मी ऑइलचं 200 लिटरचं जुनं पिंप घेतलं आणि निम्मं काँक्रीटने भरलं. काँक्रीट लिटरला सुमारे 2.4 किलो, म्हणजे 240 किलो. तळाजवळून आरपार जाड सळई घातली. लोहामंडीतून इंची सळई आणली तर ती लिफ्टच्या आर्ममध्ये, म्हणजे मागे अवजार उचलणाऱ्या दांड्यांत, जाईना. छोट्या ट्रॅक्टरची पिन 22 मिलिमीटरची, सळई 25 ची. मग लेथवर टोकं उतरवून घेतली. सळईच्या 46 सेंटिमीटर वर टॉप लिंकसाठी, म्हणजे अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्यासाठी, पट्टी वेल्ड केली. टॉप लिंक जोडल्याशिवाय पिंप उचलूच नका, ते पिनांवर गरकन फिरतं. वरच्या रिकाम्या भागात माझी पहार, साखळी, फावडं राहतं.

कंपनीच्या पुस्तकातली लिफ्टची आणि लोडरची मर्यादा पाहूनच वजन ठरवा. आणि पिंप आहे म्हणून बकेट उंच धरून पळू नका. ओझं गुडघ्याच्या खालीच बरं. चढावर जाताना तोंड वर, उतरताना रिव्हर्समध्ये.

सोयाबीनच्या पेरणीला मात्र पिंप काढायचं. काळ्या मातीत फुकटचं वजन फिरवलं की ती दबून बसते. काढलेलं पिंप सपाट जागी, दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा. मी पहिल्या पावसाळ्यात ते थेट मातीवर ठेवलं. ते चार बोटं रुतलं, एका अंगाला कललं, आणि दसऱ्याला आर्म काही पिनांवर बसेनात. शेवटी साखळी लावून लोडरनेच उपसलं. मागे वजन नव्हतं, कारण वजन पुढे टांगलेलं होतं.