स्टीफन किंगला स्वतःचं नाव पोस्टरवरून काढायला कोर्टात का जावं लागलं?

मार्च 1992. अमेरिकेत एक सिनेमा लागला. पोस्टरवर वर 'स्टीफन किंग्ज', खाली 'द लॉनमोअर मॅन'. म्हणजे अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगचा 'द लॉनमोअर मॅन'. आणि त्याच वर्षी किंग न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात उभा होता, हे नाव काढा म्हणून. भयकथा लिहिणाऱ्या, आणि उद्या एखाद्या वेब सिरीजवाल्याला किंवा ऑडिओ ॲपला कथा देणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट समजून घ्यावं, असं मला वाटतं.

आधी कथा पाहू. ती 1975 मध्ये मासिकात आली आणि 1978 मध्ये किंगच्या 'नाइट शिफ्ट' या संग्रहात. जेमतेम दहा पानांची. हॅरल्ड पार्केट नावाचा साधा गृहस्थ. अंगणातलं गवत वाढलंय म्हणून तो गवत कापणाऱ्याला बोलावतो. एक जाडजूड माणूस येतो. थोड्या वेळाने हॅरल्ड बाहेर बघतो, तर यंत्र आपोआप चाललंय आणि तो माणूस उघडा, हातापायांवर रांगत, यंत्रामागून कापलेलं गवत खात चाललाय. तो ग्रीक देव पॅनचा सेवक असतो. शेवटी तेच यंत्र हॅरल्डच्या मागे लागतं, थेट घरात शिरतं. मग पोलीस येतात. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात काय सापडलं, ते दोन पोलिसांच्या बोलण्यातून कळतं. ही किंगची खरी ताकद आहे: शेजारच्या अंगणातली वस्तू घ्यायची आणि ती हळूच फिरवायची.

आता सिनेमा. त्यात एक शास्त्रज्ञ आहे, व्हर्च्युअल रिॲलिटी आहे, प्रयोगामुळे अफाट बुद्धी आणि मानसिक शक्ती मिळालेला जोब नावाचा भोळा माळी आहे. पॅन नाही, गवत खाणं नाही. कथेतलं ठळकपणे उरलंय ते साधारण दोन मिनिटांचं दृश्य: जोब मनाच्या बळावर यंत्र चालवतो, ते हॅरल्ड पार्केटला घरभर पळवून मारतं, मग पोलीस येतात आणि तेच पाण्याचं भांडं.

मग निर्मात्यांनी चोरी केली का? अजिबात नाही. 1978 मध्ये किंगने या कथेचे सिनेमाचे हक्क स्वतः विकले होते. करारात हक्क घेणाऱ्याला कथेत हवे ते फेरफार आणि बदल करण्याची मोकळीक होती, तीही त्याच्या मर्जीनुसार. ही मोकळीक लिहून दिली की कथेची सूत्रं हातातून गेली. हे हक्क पुढे हस्तांतरितही होतात. इथे तसंच झालं. किंगने ज्यांच्याशी करार केला होता त्यांच्याकडून हक्क 1990 मध्ये दुसऱ्याच कंपनीकडे गेले. किंगला सिनेमाची खबर लागली ती ऑक्टोबर 1991 मध्ये, मासिकातल्या लेखातून!

त्याच करारात आणखी एक कलम होतं: सिनेमात 'स्टीफन किंगच्या कथेवर आधारित' असं श्रेय द्यायचं. सगळा खटला फिरला तो पोस्टरवरचं 'स्टीफन किंग्ज' आणि हे 'आधारित', या दोन श्रेयांभोवती.

'स्टीफन किंगचा अमुक' याला तिकडे पझेसरी क्रेडिट म्हणतात. पोस्टरवर ते वाचल्यावर प्रेक्षक काय समजतो? की या माणसाने सिनेमा लिहिलाय, बनवलाय, निदान पटकथा वाचून होकार तरी दिलाय. किंगने यातलं काहीच केलं नव्हतं. त्यामुळे हे श्रेय दिशाभूल करणारं आहे, असं म्हणत कोर्टाने त्यावर बंदी घातली, आणि ऑक्टोबर 1992 मध्ये अपील कोर्टानेही ती बंदी कायम ठेवली. 'आधारित' हे श्रेय मात्र खालच्या कोर्टाने काढायला लावलं होतं, ते अपील कोर्टाने परत आणलं. कारण काय, तर कथेचा गाभा त्या दोन मिनिटांत आलाय आणि सिनेमाने कथेतून बऱ्यापैकी घेतलंय.

हे मला पटत नाही. पोलिसांचा संवाद आणि एक यंत्र म्हणजे त्या कथेचा गाभा नव्हे. गाभा होता तो गवत खाणारा माणूस, आणि तोच गाळलाय. पण कोर्टापुढे चांगलं रूपांतर कोणतं हा प्रश्नच नव्हता. कराराची भाषा होती, आणि त्या भाषेत किंगने बदलांना आधीच होकार दिला होता.

दुसरा मुद्दा, इतका वेळ गप्प का बसलात, असं प्रतिपक्षाने विचारलं. ते चाललं नाही, कारण खबर लागल्यापासून किंगच्या बाजूने हरकत कळवली जात होती. त्यामुळे तक्रार फोनवर नको, लेखी करा. तारखेसकट.

आणि बंदी आली म्हणून विषय संपला नाही. सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेट्सवर किंगचं नाव पुन्हा दिसलं आणि त्यावरून वितरक कोर्टाच्या अवमानात सापडला. पोस्टर, कॅसेट, जाहिरात, सगळीकडे श्रेय वेगवेगळं छापलं जातं. एक जागा सुटली की नाव तिथून परत शिरतं.

याच किंगने 1977 पासून कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना आणि होतकरू दिग्दर्शकांना लघुकथा एका डॉलरला दिल्या. त्याला डॉलर बेबी म्हणतात. अट अशी, की परवानगीशिवाय व्यावसायिक प्रदर्शन नाही आणि एक प्रत मला पाठवा. एका डॉलरच्या त्या व्यवहारात लेखकाच्या हातात 1978 च्या करारापेक्षा जास्त राहिलं!

आता आपल्याकडे या. अमेरिकेत कथालेखकाला 'माझ्या कृतीची मोडतोड करू नका' म्हणण्याचा सरळ हक्क जवळपास नाही, म्हणून किंगला दिशाभुलीच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम 57 आहे. हक्क विकल्यानंतरही लेखक म्हणून नाव सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला धक्का देणारी मोडतोड रोखण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वरच्या सिनेमाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हे संरक्षण सिनेमालाही लागू धरलं. माध्यम बदललं की थोडे बदल होणार, पण मूळ कादंबरी पार वेगळी होऊन चालणार नाही, अशी ती भूमिका.

कलम 19 तर पाठच करा. करारात मुदत नसेल तर ती 5 वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं काही लिहिलं नसेल, तर घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरले नाहीत की ते संपतात. म्हणूनच तुमच्यापुढे येणाऱ्या कागदावर 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द असतात: ते लिहिले की मुदतीचा आणि प्रदेशाचा हा आधार गेला. ते खोडा. मुदत आकड्यात लिहा. हक्क पुढे तिसऱ्याला द्यायचे असतील तर तुमची लेखी परवानगी लागेल, ही ओळ घाला.

आणि श्रेयाचा मजकूर 'योग्य ते श्रेय दिले जाईल' असा मोघम ठेवू नका. शब्दशः लिहून घ्या: "मूळ कथा 'अमुक', लेखक तमुक. हेच श्रेय पोस्टर, ट्रेलर, थंबनेल आणि सर्व डब आवृत्त्यांत. लेखकाचं नाव शीर्षकाला जोडायचं असल्यास त्याची आगाऊ लेखी संमती. अंतिम संहिता मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखकाला आपलं नाव मागे घेता येईल, आणि तसं केल्याने ठरलेल्या मोबदल्यात कपात होणार नाही." शेवटचं वाक्य निर्माता हमखास कापायला सांगतो. मोबदल्याच्या आकड्यावर घासाघीस झाली तरी चालेल, ते वाक्य सोडू नका.