नांतच्या कोर्टापासून सिनेटपर्यंत

गास्तों मोनेरव्हिल यांची ओळख करून देताना ‘फ्रेंच सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष’ एवढंच सांगून लोक थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जन्म 1897, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयाना या वसाहतीतलं केयेन, आजोबा गुलामगिरीतले. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण त्यांचं राजकारण समजून घ्यायचं, तर सुरुवात फ्रान्समधल्या नांत शहरातल्या कोर्टापासून करावी लागते.

1928 साली गयानात फ्रेंच संसदेसाठी निवडणूक झाली. लोक तिथले माजी खासदार जां गाल्मो यांच्या बाजूचे, आणि निवडून आले पॅरिसहून आलेले अजेन लोतिए. मतदानात उघडउघड गैरप्रकार झाले होते आणि प्रशासन लोतिएंच्या पाठीशी होतं. ऑगस्टमध्ये गाल्मो अचानक वारले. त्यांना विष घातलं, असं केयेनभर झालं. लोक खवळले, दंगल पेटली, सहा जणांचा जीव गेला. चौदा जणांवर खटला भरला आणि त्यांना समुद्रापार, फ्रान्समधल्या नांतला नेलं. कुठे केयेन, कुठे नांत! ज्युरीतल्या माणसांना गयाना नकाशावर तरी सापडलं असतं का, सांगा.

1931 मध्ये खटला उभा राहिला. आरोपींच्या बाजूने आंरी तोरेस यांच्यासारखे नामांकित वकील होते. त्यांच्याबरोबर चौतिशीतले मोनेरव्हिल. आरोपी त्यांच्याच गावचे. माणसं मेली होती, ते कोणी नाकारत नव्हतं. पण मोनेरव्हिल यांनी ज्युरीपुढे उभी केली ती चोरलेली निवडणूक आणि वसाहतीतला कारभार. चौदाही जण निर्दोष सुटले! पुढच्याच वर्षी गयानाने याच वकिलाला लोतिएंच्या विरोधात निवडून दिलं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, भाषणाची दहाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा मधला काळ भराभर सांगतो. 1937 मध्ये ते वसाहत खात्याचे उपमंत्री झाले. गयानात कैदी धाडण्याची प्रथा 1938 च्या हुकुमाने थांबली, त्यामागे त्यांची धडपड होती. युद्धात नौदल, मग भूमिगत लढा. 1947 पासून ते फ्रेंच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे पुढच्या सिनेटचे, अध्यक्ष. तेव्हा त्या सभागृहात आपल्या पुदुच्चेरीचाही प्रतिनिधी बसत असे.

आता 1962. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना हवं होतं. घटनेच्या 89 व्या कलमानुसार दुरुस्ती आधी दोन्ही सभागृहांत मंजूर व्हायला हवी. द गॉल यांनी 11 व्या कलमाचा आधार घेतला आणि संसदेला वगळून थेट सार्वमत घेतलं. मोनेरव्हिल यांनी आपल्या रॅडिकल पक्षाच्या भर अधिवेशनात याला पदाचा द्रोह म्हटलं. जनतेने मात्र द गॉल यांना कौल दिला. कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने हा विषय आपल्या कक्षेत नाही म्हणून मोनेरव्हिल यांचा या दुरुस्तीविरुद्धचा अर्ज परतवला. मग मोठे मंत्री सिनेटकडे फिरकेनासे झाले.

लोकप्रिय माणसाला नियम माफ, हे मोनेरव्हिल यांना पटणं शक्यच नव्हतं. मतपेटीशी सत्तेने खेळ केला की गावात काय पेटतं, ते त्यांनी चौदा आरोपींच्या तोंडून ऐकलं होतं. माझ्या मते 1962 चा विरोध थेट तिथूनच येतो.

1968 मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. 1969 मध्ये द गॉल सिनेटचे अधिकार कमी करण्याच्या सार्वमतात हरले आणि पायउतार झाले. त्या सार्वमतात मोनेरव्हिल यांनी विरोधात प्रचार केला होता. 1974 मध्ये ते घटना परिषदेचे सदस्य झाले. हीच ती परिषद, जिने बारा वर्षांपूर्वी त्यांचा अर्ज परत पाठवला होता.