रेडक्लिफ: पहिल्या मैदानाचा हक्क

(दृश्य: मॉरेटन बेचं उथळ पाणी, त्यावरून जाणारा लांबलचक पूल, पलीकडे गाव)

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याची राजधानी ब्रिस्बेन. तिथून उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर समुद्रात शिरलेला जमिनीचा एक तुकडा आहे. त्याचं नाव रेडक्लिफ. १९३५ मध्ये इथे हॉर्निब्रुक पूल झाला. तोवर ब्रिस्बेनहून यायचं तर बोट धरायची, नाहीतर मोठा वळसा घालायचा. पूल अडीच किलोमीटरहून लांब होता, आणि त्यावर टोल होता. पुढे १९४७ साली या गावात रग्बी लीगचा क्लब उभा राहिला. तोच आजचा डॉल्फिन्स.

रग्बी लीग हा तेरा-तेरा जणांचा खेळ. चेंडू घेऊन समोरच्या भिंतीवर धावून जायचं. पकडून पाडलं की उठायचं, चेंडू टाचेने मागच्या गड्याकडे सारायचा, की पुन्हा चढाई. हल्ली सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीही मर्यादा नव्हती. दम असेल तोवर चढत राहा!

१९६० मध्ये रेडक्लिफला ब्रिस्बेनच्या वरच्या गटात जागा मिळाली. मोठ्या शहरातल्या जुन्या क्लबांपुढे हे खाडीपलीकडचं पोर. चारच वर्षांनी त्याच्याकडे रोमा गावचा एक तरुण आला. रोमा म्हणजे ब्रिस्बेनपासून पावणेपाचशे किलोमीटर पश्चिमेला, गुराढोरांचा मुलूख. तरुणाचं नाव आर्थर बीटसन. मूलनिवासी समाजातला, अंगाने दांडगा, आणि हातात कमालीची नजाकत.

(दृश्य: जुनी कृष्णधवल फिल्म, संथ गतीत)

त्याचा उजवा हात बघा. दोन जण कमरेला बिलगलेत, तिसरा खांद्यावर चढतोय. दुसरा कुणी असता तर चेंडू पोटाशी धरून खाली गेला असता. बीटसन पडता पडता हात मोकळा करतो आणि मागून धावत येणाऱ्याच्या ओंजळीत चेंडू ठेवतो. ज्या तिघांनी त्याला अडवलं, ते तिघेही आता कामातून गेले. अशा खेळावर रेडक्लिफने १९६५ चं विजेतेपद घेतलं, क्लबचं पहिलंच.

पुढच्या वर्षी बीटसन सिडनीला गेला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण क्वीन्सलँडच्या प्रत्येक छोट्या क्लबचं दुखणं हेच होतं. शेजारच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात १९५६ पासून क्लबांना जुगाराची यंत्रं ठेवायची परवानगी मिळाली होती. सिडनीच्या क्लबांकडे पैसा खेळू लागला. क्वीन्सलँडमध्ये तशी सोय नव्हती. तयार झालेला गडी सिडनीला जाणार हे ठरलेलंच. त्यात राज्याचा संघ निवडायची रीत अशी की ज्या राज्यात आज खेळता, त्या राज्याकडून उतरायचं. म्हणजे रोमात वाढलेला, रेडक्लिफमध्ये घडलेला बीटसन निळी जर्सी घालून क्वीन्सलँडच्याच विरोधात खेळला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला, तो मान मिळवणारा पहिला मूलनिवासी खेळाडू ठरला. पण क्वीन्सलँडची तांबडी जर्सी त्याच्या अंगावर कधी चढली नव्हती.

८ जुलै १९८० ला ती चढली. ब्रिस्बेनचं लँग पार्क, समोर न्यू साऊथ वेल्स, ३३,२१० प्रेक्षक. नवा नियम होता: वरिष्ठ गटातली पहिली मॅच ज्या राज्यात खेळलात, ते तुमचं राज्य. दोन राज्यांमधली 'स्टेट ऑफ ओरिजिन' ही लढत सुरू झाली ती इथून. बीटसन तेव्हा पस्तिशीचा. सिडनीतल्या पॅरामॅटा क्लबच्या दुय्यम संघात खेळत होता. कर्णधार म्हणून संघाच्या पुढे चालत तो मैदानात आला, तेव्हा लँग पार्कवर जो आवाज उठला तो रेकॉर्डिंगमध्ये आजही अंगावर येतो. क्वीन्सलँड २०-१० ने जिंकलं.

माझ्या मते या नियमाने सर्वांत मोठा न्याय केला तो रेडक्लिफसारख्या क्लबांना. खेळाडू विकला जातो, शहर बदलतो, जर्सी बदलतो. पण त्याला पहिल्यांदा ज्यांनी उभं केलं, त्यांची नोंद पुसता येत नाही, हे इथे पहिल्यांदा कागदावर आलं.

बीटसन १९८१ मध्ये रेडक्लिफला परतला, कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून. संघ अंतिम सामन्यात पोचला आणि अगदी शेवटच्या क्षणी हरला. पुढचं विजेतेपद यायला १९९४ उजाडलं. या क्लबला चषकांवरून जोखणारे इथेच चुकतात.

याच क्लबचे डिक टर्नर वर्षानुवर्षे क्वीन्सलँड संघाचे व्यवस्थापक होते. निवृत्त ओरिजिन खेळाडूंची संघटना उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. मैदानात न उतरताही राज्याचा संघ बांधता येतो, तो असा.

(दृश्य: क्लबच्या मैदानावर मुलांचा सराव)

पेटेरो सिव्होनिसेव्हाचा जन्म फिजीतला. वडील फिजीकडून रग्बी खेळलेले. तान्हा असताना घर रेडक्लिफला आलं आणि तो इथेच वाढला, इथल्याच मुलांच्या संघांतून पुढे आला. २००१ ते २०१२ या काळात क्वीन्सलँडसाठी ३३ सामने, तेही आघाडीच्या फळीत, जिथे प्रत्येक चढाईला अंग ठेचून निघतं. मोठ्या स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर तो २०१३ मध्ये रेडक्लिफकडूनच खेळला. नाव कमावून झालेला माणूस गावच्या संघात पुन्हा घाम गाळतो, हे त्या सरावातल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय.

२०२३ पासून डॉल्फिन्स राष्ट्रीय स्पर्धेत आहेत. ५ मार्चला लँग पार्कवर पहिलाच सामना, समोर सिडनी रूस्टर्स, आणि २८-१८ असा विजय. त्याच वर्षी डॉल्फिन्सच्या हमिसो तबुआई-फिडोने ओरिजिनच्या पहिल्या सामन्यात क्वीन्सलँडसाठी दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला. गावाने जल्लोष केला, आणि करायलाच हवा होता. पण हमिसो उत्तर क्वीन्सलँडचा. त्याला घडवल्याचं श्रेय तिकडच्या क्लबांचं. बीटसनचा नियम रेडक्लिफने इतरांनाही लावायला हवा.

रेडक्लिफचा जुना संघ क्वीन्सलँडच्या राज्य स्पर्धेत खेळतोच आहे, आणि राष्ट्रीय स्पर्धेतल्या डॉल्फिन्सचं दार आता त्याच मैदानाला लागून आहे. इथल्या पोराला मोठं व्हायला सिडनीची वाट धरावी लागत नाही.