गरम रक्ताची वाट

फॉर्मवर डॉक्टरांनी एकच तपासणी लिहिली आहे: क्रायोग्लोब्युलिन. रुग्णाच्या पायांवर जांभळे ठिपके, सांधे धरलेले, अंगात त्राण नाही. रक्तातली काही प्रथिनं थंडीनं साकळतात का, ते यातून कळणार आहे.

फॉर्म हातात पडताच सिस्टरनी आधी लॅबला फोन लावला. वॉटर बाथ चालू आहे? सेंट्रिफ्यूज गरम करून ठेवाल? तिकडून होकार आल्यावरच रुग्णाला आत घेतलं.

ही ट्यूब पाहा. लाल झाकणाची, साधी. हेपारिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध घातलेली, इथे चालत नाही, तिच्यात भलताच साका येऊ शकतो. ट्यूब ३७ अंशांवर तापवलेली, सिरिंजही कोमट. रक्त भरलं की ट्यूब थर्मासातल्या कोमट पाण्यात, आणि थर्मास वॉर्डबॉय मामांच्या हातात. एरवी मामा सगळ्या वॉर्डांचे नमुने गोळा करत एका फेरीत नेतात. आज हा एकच थर्मास घेऊन ते थेट लॅबकडे निघालेत. या तपासणीचा निम्मा भरवसा त्यांच्या पायांवर आहे. रिपोर्टवर सही मात्र दुसऱ्याची असते.

लॅबमध्ये तासभर तरी रक्त ३७ अंशांवरच गोठू द्यायचं. मग गरम सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वरचं पिवळसर सीरम वेगळं काढलं की तेव्हा कुठे फ्रिज, ४ अंश. आता ७ दिवसांपर्यंत थांबायची तयारी ठेवायची, रोज ट्यूब उजेडाला धरून बघायची.

पहिला दिवस. नितळ.

तिसरा दिवस. तळाशी पांढरा थर.

थोडं सीरम पुन्हा ३७ अंशांवर नेलं, आणि थर विरघळला. खूण पटली. उरलेलं सीरम थंडच ठेवून विंट्रोब नळीत, खुणा आखलेल्या बारीक नळीत, फिरवतात आणि थर किती टक्के भरला ते मोजतात. ज्यांच्या नावाची ही नळी, त्या विंट्रोब यांनीच ब्यूएल यांच्यासोबत १९३३ मध्ये मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात थंडीनं साकळणारं प्रथिन नोंदवलं होतं. 'क्रायोग्लोब्युलिन' हे नाव १९४७ चं, लर्नर आणि वॉटसन यांचं.

वाटेत ट्यूब गार झाली असती, तर प्रथिन गुठळीतच अडकून राहिलं असतं. रिपोर्ट निगेटिव्ह, आणि मूत्रपिंडाला धोका आहे हे कळायला उशीर.

रिपोर्ट वॉर्डात पोहोचला आहे. आता हिपॅटायटिस सीची तपासणी. मिश्र प्रकारच्या क्रायोग्लोब्युलिनमागे बरेचदा तोच विषाणू निघतो, आणि त्यावर आज गोळ्या आहेत.