तीन अधिक तीन

(न्यू जर्सीतल्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला. पण मला वकील म्हणून बोलावलंय, तेव्हा गोडाची हमी नाही.

विषय कसा निघाला ते सांगते. दिवाळीच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी मला जेवणाच्या रांगेत गाठलं. "ताई, मुलगी रटगर्स विद्यापीठात इकॉनॉमिक्स करतेय. तिथे म्हणे तीन वर्षांनीच लॉ स्कूलमध्ये जाता येतं. सरळ एक वर्ष वाचतं. यात विचार करण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "आहे." तेवढ्यात रांग सरकली, पुऱ्या आल्या आणि बोलणं राहून गेलं. ते आज पुरं करते.

गंमत अशी की हे तीन अधिक तीन मी पुण्यात केलेलंच आहे. तीन वर्षं बीए, विषय अर्थशास्त्र, आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी तेच केलं. त्याला कोणी योजना म्हटलं नाही की माहितीपत्रक छापलं नाही. इथे बीए चार वर्षांचं, म्हणून सातऐवजी सहा वर्षं ही बातमी होते.

इथलं गणित असं. लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमांत पदवी हातात असण्याची सक्ती नाही. पदवीचं तीन-चतुर्थांश काम झालं असेल तरी लॉ स्कूल प्रवेश देऊ शकतं. १२० क्रेडिटची पदवी असेल तर ९० झाले की दार उघडतं. लॉच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे टॉर्ट्स (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीचा कायदा), कॉन्ट्रॅक्ट्स, सिव्हिल प्रोसीजर वगैरे, उलटे पदवीच्या खात्यात जमा होतात. चौथं वर्ष संपताना बीए, सहावं संपताना जेडी, म्हणजे इथली कायद्याची पदवी. ही सोय रटगर्सला आहे, नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठातही आहे.

प्रवेश मात्र आपोआप मिळत नाही. अर्ज तिसऱ्या वर्षी करायचा, आणि बहुतेकांना एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. गुण १२० ते १८०. (ऑगस्ट २०२४ पासून त्यातली ती कोड्यांची लॉजिक गेम्स गेली. थोरल्याची जुनी पुस्तकं धाकट्याच्या माथी मारू नका.)

आता खरी अडचण. लॉचे क्रेडिट बहुतेक ठिकाणी ऐच्छिक विषयांची जागा भरतात. मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, विषय तुम्हाला तीन वर्षांतच उरकावे लागतात. इकॉनॉमिक्सची उतरंड तर ठरलेली: कॅल्क्युलस, मग इंटरमीजिएट मायक्रो आणि मॅक्रो, स्टॅटिस्टिक्स, त्यावर इकोनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं), आणि मग कुठे सेमिनार. एक मडकं हललं की वरची सगळी हलतात. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस "पुढच्या सेमिस्टरला बघू" म्हणून सोडलं, की तिसऱ्या वर्षी इकोनोमेट्रिक्स, एलसॅट आणि अर्ज एकाच मोसमात येतात. शिवाय प्रबंध लिहायचा तो बहुधा चौथ्या वर्षी, आणि तेच वर्ष आपण विकतोय.

ते वर्ष विकू नका असं मी म्हणत नाही. काय भावाने विकतोय ते बघा. एका वर्षाची फी वाचते आणि कमाई वर्षभर आधी सुरू होते, हे खरंच. पण इकॉनॉमिक्सची ओळख नुसती मार्कशीटवर राहिली, तर ते आधी का शिकायचं?

एक गोष्ट सांगते. इथून फार लांबची नाही, हडसनमधलीच. जानेवारी १९४४, युद्धाचे दिवस, न्यूयॉर्क बंदरात बोटींची दाटी. 'ॲना सी' नावाचा पिठाने भरलेला बार्ज, म्हणजे मालवाहू तराफा, धक्क्याला बांधलेला. दोर पुन्हा बांधताना काहीतरी चुकलं, बार्ज सुटून वाहत गेला, एका टँकरवर आदळला आणि त्याच्या पंख्याने तळाला भोक पडलं. बार्जवरचा राखणदार २१ तास जागेवर नव्हता. तो असता तर गळती वेळेत कळली असती. मग बार्जच्या मालकाचीही चूक धरायची का? १९४७ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी याचं उत्तर चक्क बीजगणितात दिलं: खबरदारीचा खर्च हा अपघाताची शक्यता गुणिले नुकसान यापेक्षा कमी असेल आणि तरी ती घेतली नसेल, तर तो निष्काळजीपणा. दिवसाउजेडी, कामाच्या वेळी, एवढ्या गर्दीत माणूस ठेवायला हवा होता, असा निकाल झाला.

टॉर्ट्सच्या वर्गात हे सूत्र आलं की बरीच मुलं गणित म्हणून दचकतात. इकॉनॉमिक्सवाली मुलगी दचकत नाही. ती विचारते, शक्यता कोणी मोजली? पुढची थोडी खबरदारी किती रुपयांची? हे विचारायची सवय मायक्रो आणि स्टॅटिस्टिक्समध्ये लागते. ते विषय घाईत ढकलले असतील, तर लागत नाही.

आपल्याकडे अर्थशास्त्र आणि कायदा एका माणसात असणं नवं नाही. न्यायमूर्ती रानडे घ्या. आणि डॉ. आंबेडकर तर याच नदीकाठी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१५ मध्ये अर्थशास्त्रात एमए. १९१६ साली लंडनला त्यांनी एकाच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही नाव घातलं आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि दोन्ही पुरं केलं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच मुक्कामातला.

मुदतीवरून पैशाकडे येते. पदवीसाठी मिळालेली शिष्यवृत्ती चौथ्या वर्षी, लॉमध्ये बसल्यावर, चालू राहते का हे लेखी विचारा. तोंडी "हो हो" पुरत नाही. पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्र सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद; लॉसाठी उरलेल्या सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर ही मर्यादा. एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांना सरकारी कर्ज मुळात मिळतच नाही. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, ते नेमकं लॉ सुरू होण्याच्या आसपास. त्या घरांनी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा विचार आधीच करून ठेवावा.

ते गृहस्थ आज आलेत, मला दिसतायत. त्यांची लेकही आलीय. मी तिळगुळाच्या टेबलाशी बसतेय. पोरी, कोर्सची यादी घेऊन ये. बाबांना तोवर चहाकडे पाठव.