डबा आणि घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

प्राथमिक शाळेतील मुलांच्या आहाराचा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा डब्यात काय द्यावे या एकाच प्रश्नाभोवती घुटमळते. प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु दिलेले अन्न खाण्यासाठी मुलाला प्रत्यक्ष किती वेळ मिळतो, हे पालकसभेत क्वचितच कोणी विचारते. अनेक वर्षे लहान मुलांच्या वर्गात काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, अर्धवट उरून घरी परतणाऱ्या डब्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत दोष स्वयंपाकाचा नसून वेळापत्रकाचा असतो. म्हणून आज मी सुरुवात घड्याळापासूनच करणार आहे.

समजा, जेवणाची सुट्टी ३० मिनिटांची आहे, वर्गात ४० मुले आहेत आणि हात धुण्यासाठी दोन नळ आहेत. साबण लावून हात नीट चोळायला २० सेकंद लागतात. हात ओले करणे, धुणे आणि पुढच्याला जागा करून देणे धरले तर प्रत्येकी अर्धे मिनिट सहज जाते. म्हणजे प्रत्येक नळावरील २० मुलांना मिळून १० मिनिटे लागतात आणि रांगेतले शेवटचे मूल जेवायला बसते तेव्हा सुट्टीचा तिसरा हिस्सा संपलेला असतो. त्यात शेवटचे गणित पूर्ण झाल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही असे शिक्षकांनी ठरवले, तर उरलेल्या वेळालाही कात्री लागते. हा दोष माझ्याही हातून अनेकदा घडला आहे, हे येथे कबूल करायला हवे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात या घाईचा परिणाम मोजला गेला. बसून खाण्यासाठी २० मिनिटांहून कमी वेळ मिळालेल्या मुलांनी, किमान २५ मिनिटे मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, मुख्य पदार्थ १३ टक्के, भाज्या १२ टक्के आणि दूध १० टक्के कमी घेतले. मला त्याहून बोलका वाटला तो फळांचा आकडा: पुरेसा वेळ असताना ५७ टक्के मुलांनी ताटात फळ घेतले होते, तर वेळ कमी असताना ४४ टक्क्यांनीच. आपल्याला हे खाऊन होणार नाही, असा अंदाज बांधून मुले ते उचलतच नसावीत. फळ आणि भाजी चावायला वेळ लागतो, मऊ आणि गोड पदार्थ चटकन गिळता येतात. त्यामुळे घाईच्या सुट्टीत नेमके पौष्टिक तेच मागे राहते. शिवाय पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात, आणि भराभर खाणाऱ्या मुलाला ती जाणीव होण्यापूर्वीच घंटा वाजते.

खेळाचे मैदान समोर दिसत असताना मूल जेवणात रमणार नाही, हे तर सांगायलाच नको. काही शाळांनी यावर साधा उपाय केला. त्यांनी खेळ आधी आणि जेवण नंतर असा क्रम ठेवला. जेवण उरकून पळायचे कारणच राहत नाही, खेळून भूकही लागते, आणि अशा शाळांत फळे व भाज्या अधिक खाल्ल्या गेल्याचे आढळले आहे. हात अधिक मळतात आणि नळावरची रांग वाढते, ही अडचण खरी आहे. पण एक नळ वाढवणे हे वेळापत्रकाशी भांडण्याहून सोपे आहे.

या वयातील भुकेकडे एवढ्या बारकाईने का पाहायचे, याला शरीरशास्त्रात उत्तर आहे. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा मेंदू घेतो; पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात मात्र हाच वाटा जवळजवळ दोन तृतीयांशांपर्यंत जातो. म्हणून शाळेतले जेवण केवळ पोटापुरते नसावे. धान्य, त्यातही कोंड्यासकट असलेले, डाळी-कडधान्ये, अंडे किंवा दुधाचा एखादा पदार्थ, भाजी आणि फळ यांतून जमेल तेवढे रोज आलटूनपालटून द्यावे. डाळी आणि हिरव्या भाज्यांमधील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात एखादे आंबट फळ असले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे हे शोषण सुधारते.

साखरेचा हिशेब मात्र आकड्यांनीच मांडावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, बाहेरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे साधारण ३७ ग्रॅम साखर होते. ३३० मिलिलिटरच्या एका शीतपेयात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा त्या एका शीतपेयातच संपतो. रसाऐवजी अख्खे फळ आणि तहानेला पाणी, एवढे पथ्य पाळले तरी बराच फरक पडतो.

आता डब्याच्या झाकणाविषयी. तुम्हाला हसू येईल, पण सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना घट्ट बसणारे झाकण उघडता येत नाही, मदत मागायला ते संकोचते आणि त्या खटपटीतच पाच मिनिटे जातात. नवा डबा घेतला की घरी मुलाकडून तो चार वेळा उघडून आणि लावून पाहावा. तीच गोष्ट दातांची. सहा-सात वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडतात. अशा मुलाला अख्खे सफरचंद दिले तर ते चावायचे कशाने? माझ्या वर्गातील एक मुलगी कित्येक दिवस फळ तसेच परत नेत असे आणि तिला फळे आवडत नाहीत असे घरी समजत; तिचे वरचे दोन्ही दात पडले आहेत, हे दोन्ही गोष्टी एकत्र पाहून कोणाच्या ध्यानात आले नव्हते. फोडी करून त्यांना लिंबाचा रस लावला की त्या लवकर काळ्या पडत नाहीत. अगदी लहान मुलांच्या डब्यातील द्राक्षे उभी चिरून द्यावीत, कारण अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, कारण त्या टप्प्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी उघडणार असेल, तर उष्णता टिकवणारा डबा आधी उकळत्या पाण्याने तापवून त्यात वाफाळते अन्न भरावे, नाहीतर लवकर न बिघडणारे कोरडे पदार्थ द्यावेत. ज्या वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाणे, दूध किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, तेथे डबे वाटून खाण्याचा आनंद आवरावा लागतो, आणि त्याचे कारण सर्व मुलांना नीट समजावून सांगावे लागते.

नवी भाजी पहिल्यांदा नाकारली गेली म्हणून ती बाद करू नये. एखादी चव अंगवळणी पडायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा भेटावी लागते. भाजी संपवलीस तर गोड देईन, हा सौदा मात्र उलटतो, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आहे असे मूल शिकते. त्यापेक्षा शिक्षकाने मुलांबरोबर बसून तीच भाजी निवांत खाल्लेली अधिक उपयोगी पडते. फिनलंडने १९४३ साली कायदा केला आणि १९४८ पासून तेथे शाळेत मोफत जेवण मिळू लागले. ते जेवण शिक्षणाचाच भाग मानले जाते.

उरलेले अन्न शाळेत टाकून न देता घरी परत आणायला मुलाला सांगावे आणि ते पाहून रागावू नये. डबा का संपवला नाहीस, असे विचारले की मूल ‘आवडला नाही’ एवढेच सांगून मोकळे होते. त्याऐवजी आधी काय खाल्लेस, शेजारी कोण बसले होते आणि घंटा झाली तेव्हा हातात कोणता घास होता, असे विचारून पाहावे. या उत्तरांतून काही दिवसांतच शिक्षकांकडे जाऊन काय बोलायचे ते आपल्याला कळू लागते.

नमस्कार.